विचारपूस आणि चौकशी

दुसऱ्याच्या घरचं विचारायला मराठीत दोन शब्द आहेत. विचारपूस करायला कोणी आलं तर आपण चहा टाकतो. चौकशीला कोणी आलं तर कागदपत्रं शोधू लागतो. प्रश्न मात्र दोघांचाही एकच असू शकतो: घरात सगळं ठीक आहे ना? अमेरिकेतल्या मुलांच्या दवाखान्यांत हा प्रश्न आता छापील कागदावर आला आहे. बाल्टिमोरच्या डॉ. हॉवर्ड डुबोविट्झ यांनी घडवलेल्या 'सीक' पद्धतीत, बाळाला घेऊन आलेल्या आईला नंबर लागायच्या आधीच पानभर प्रश्नावली भरायला देतात. घरात स्मोक अलार्म हवा आहे का, अशा निरुपद्रवी प्रश्नांच्या रांगेतच, त्याच टायपात, तशाच 'हो-नाही'च्या चौकोनांसह विचारलेलं असतं, की घरातलं अन्न संपेल अशी धास्ती वाटते का, मन उदास असतं का, जोडीदार धमकावतो का, मुलाला चापट मारायची पाळी येते का. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून जे दाराआड ठेवायचं, ते इथे लसीकरणाच्या दिवशी पेनाने मांडायचं.

विचारण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे, असं मला वाटतं. दोन वर्षांचं मूल स्वतःच्या घराविषयी तक्रार करू शकत नाही, आणि त्या वयात त्याला नेमाने पाहणारा घराबाहेरचा माणूस बहुधा डॉक्टरच असतो. पण हा अधिकार फुकटचा नाही. प्रश्न विचारला की ऐकलेल्याचं काहीतरी करण्याचं वचन दिलं जातं, मग विचारणाऱ्याच्या ते ध्यानात असो वा नसो. पुरावाही हेच सांगतो. 'सीक'चा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'सीक'च्या गटात बालसंरक्षण खात्याकडे तक्रार गेलेल्या कुटुंबांचं प्रमाण 13.3 टक्के होतं, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात 19.2 टक्के. पण ही किमया कागदाची नव्हती. डॉक्टरांना खास शिकवलेलं होतं आणि दवाखान्यात सोशल वर्कर होती. बॉस्टनमध्ये डॉ. अरविन गर्ग यांच्या 'वी केअर' पद्धतीत प्रश्न जोडीने येतात: नोकरी आहे का, आणि नसल्यास ती शोधायला मदत हवी आहे का. 2015 च्या त्यांच्या अभ्यासात वर्षभरात नव्या मदतीशी जोडल्या गेलेल्या आयांचं प्रमाण 39 टक्के निघालं, नेहमीच्या पद्धतीच्या गटात 24. गरज असणं वेगळं आणि मदत मागणं वेगळं, हे त्या जोडप्रश्नाने ओळखलं. पुष्कळ परोपकारी माणसांना ते जन्मभर उमगत नाही.

सर्वांत जड आक्षेप मात्र पाळतीचा आहे. मुलाच्या छळाचा वाजवी संशय आला तर बालसंरक्षण खात्याला कळवणं अमेरिकेत डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. 2017 च्या एका अंदाजानुसार तिथल्या सुमारे 37 टक्के मुलांच्या घरी अठराव्या वर्षापर्यंत कधी ना कधी या खात्याची चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण 53 टक्के. मग कृष्णवर्णीय आईने त्या चौकोनात खरं का लिहावं? इथे मला कॅथलिक चर्चची 1215 सालची चौथी लॅटरन परिषद आठवते. वर्षातून एकदा पापनिवेदन करावं, हा नियम तिने श्रद्धावंतांना घातला, आणि त्याच कलमात ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून कायमचं मठात धाडण्याची शिक्षाही ठेवली. ज्याला विचारण्याचा हक्क दिला, त्याचं तोंडही त्याच शाईने बांधलं. डॉक्टरांना तसं बांधता येणार नाही, कारण तिथे मौनाची किंमत तिसऱ्याच जिवाला, त्या मुलाला, मोजावी लागेल. पण मग निदान कोणती गोष्ट आपल्याला पोटात ठेवता येणार नाही, हे कागद हातात देण्याआधी सांगायला हवं. त्याने काही आया गप्प बसतील. बसू देत, फसवून मिळवलेला कबुलीजबाब हा कबुलीजबाब नव्हे.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. छळाची लक्षणं नसलेल्या मुलांत दवाखान्यातल्या उपायांनी छळ टळतो का, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2024 मध्येही म्हटलं. बालपणीच्या आघातांचा मूळ अभ्यास करणारे रॉबर्ट अँडा यांनीच, आघात मोजून काढलेला गुणांक एकेका माणसाचं भविष्य वर्तवायला वापरू नका, असं 2020 मध्ये बजावलं. दोन्ही मला मान्य आहेत, आणि म्हणूनच आईला गुण देऊ नयेत. 'आज घरात दूध आहे का' याला भाकिताची गरज नाही. त्यावर कोणी म्हणेल की दूध देणं डॉक्टरचं काम नव्हे, सरकारचं. अगदी खरं. 2021 मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवून महिन्याला हाती दिली, तेव्हा दारिद्र्याच्या पूरक मोजपट्टीने अमेरिकेतली बालदारिद्र्याची टक्केवारी 5.2 वर आली. वाढीव सवलत संपली आणि 2022 मध्ये ती 12.4 झाली. दवाखान्यातला प्रश्न तोच राहिला, उत्तरं संसदेने बदलली. म्हणजे ते वचन एकट्या डॉक्टरच्या नावावर टाकता येत नाही. पण या सोमवारी बाकावर बसलेल्या बाईला पुढच्या कायद्यापर्यंत थांबा म्हणणं हेही उत्तर नव्हे.

आता एक कागद असा येतो, ज्यावर अडचणीपुढे 'हो' आहे आणि मदतीपुढे 'नाही'. तातडीचा धोका दिसत नसेल तर त्या 'नाही'वर दुसरा प्रश्न लादू नये. फोन नंबरची चिठ्ठी लसीच्या कार्डात सरकवावी, पुढची तारीख सांगावी आणि बाळाचं वजन करावं.