औषध आणले, घेतले का?

शास्त्रपाठ : २ राजे ५:१-१४; याकोब १:२२-२५



महाराष्ट्राबाहेर आपल्या मराठी मंडळ्या जेथे जेथे वसल्या, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी शेजारीच लष्कराची छावणी आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, इंदूरजवळ महू आहे, ग्वाल्हेरला मुरार आहे, हैदराबादेला लागून सिकंदराबाद आहे. त्यामुळे आपल्या बाकांवर फौजेतून निवृत्त झालेले कोणी ना कोणी बसलेले असतेच, आणि लष्करी इस्पितळाच्या औषधखिडकीपुढची रांग आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहे. आज मी आपल्याला त्या रांगेत नेणार आहे. तेथे देवाने मला एक धडा शिकवला, आणि तो शिकताना माझी मान खाली गेली.

माझे वडील फौजेत ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. साठी ओलांडल्यावर त्यांना रक्तदाब जडला, पुढे मधुमेहही आला. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिचे कार्ड त्यांनी काढले, आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा औषधे आणावयास जाणे हा त्यांचा नेम झाला. सकाळी सहाला दाढी, इस्त्रीचा शर्ट, छातीच्या खिशात कार्ड, हातात पिशवी आणि पिशवीत औषधांची वही. पाळकीय कामातून सवड मिळेल तेव्हा मीही बरोबर जात असे.

तेथील पद्धत आपल्याला ठाऊकच आहे. आधी कार्ड दाखवून नोंद करावयाची व टोकन घ्यावयाचे. मग डॉक्टरांपुढे पाळी. ते रक्तदाब मोजतात, वही पाहतात, औषधे लिहून देतात. तो कागद घेऊन औषधाच्या खिडकीपुढे पुन्हा रांग. आतला फार्मासिस्ट नाव पाहतो, नंबर पाहतो, औषधाचे नाव, ताकद व गोळ्यांची संख्या पाहतो, पट्ट्या मोजून देतो, कागदावर खूण करतो आणि सही घेतो. एखादे औषध साठ्यात नसले तर त्यापुढे 'एन. ए.' असे लिहितो, म्हणजे उपलब्ध नाही; त्यासाठी पुन्हा खेप घालावी लागते. बाबांनी याबद्दल कधी कुरकुर केली नाही. "रांगेत उभं राहणं फौजेनं शिकवलंय," असे ते म्हणत. साठ्यात नसलेल्या एका गोळीसाठी ते भर पावसात दुसऱ्यांदा गेलेले मी पाहिले आहेत.

ते घरी आले की मी विचारीत असे, "बाबा, औषधं आणली का?"

"आणली." एवढेच उत्तर. माझे समाधान होई.

एके दिवशी पहाटे बाबा अंथरुणातून उठेनात. उजवा हात उचलेना, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच इस्पितळात त्यांना दाखल केले. देवाच्या दयेने जीव वाचला. दाखल करताना डॉक्टरांनी जुने कागद मागितले, म्हणून मी घरी येऊन त्यांची काळी लोखंडी ट्रंक उघडली. वरती कागद होते. कागदांखाली नीट घडी घातलेला युनिफॉर्म होता. आणि युनिफॉर्मखाली औषधे होती. रबरबँड लावून महिन्यामहिन्याचे गठ्ठे केलेले, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बहुतेक पट्ट्यांना हातही लागलेला नव्हता. कित्येकांची मुदत संपून गेली होती.

काही आठवड्यांनी जीभ थोडी सैल झाल्यावर मी त्यांना विचारले, "बाबा, गोळ्या का घेतल्या नाहीत?" ते अडखळत म्हणाले, "मला काही होत नव्हतं. म्हटलं, शिल्लक राहू द्याव्या. पुढं लागतील." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

बंधुभगिनींनो, ते खरे होते. औषधे आणली का, हे मी दर महिन्याला विचारले. घेतली का, हे एकदाही विचारले नाही.

रक्तदाब हा दबा धरून बसणारा रोग आहे. पुष्कळांना तो असूनही काहीच जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून माणूस म्हणतो, मी बरा आहे, गोळी कशाला? पापाचेही असेच आहे. चोरी किंवा मारामारी करणाऱ्याला आपला रोग निदान दिसतो तरी. पण भावाशी धरलेला अबोला, जिभेवरचे विष, पैशाचा लोभ, प्रार्थनेचा कंटाळा ही दुखणी आत वाढत असतात आणि आपण रविवारी स्वच्छ कपडे घालून बाकावर बसलेले असतो. आपल्याला काही होत नाही!

आता आजच्या पाठाकडे पाहू. नामान हाही फौजी माणूस, साधा शिपाई नव्हे, तर अरामाच्या सैन्याचा सेनापती. मोठा मान होता, राजाची मर्जी होती, पण अंगावर कुष्ठ होते. घरातल्या एका बंदिवान मुलीच्या शब्दावरून तो निघाला, आणि निघताना मोठी तयारी केली: राजाचे पत्र, दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने, दहा पोशाख, घोडे आणि रथ. अलीशाच्या दाराशी येऊन तो उभा राहिला. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. त्याने निरोप पाठवून औषध सांगितले: यार्देनेत सात वेळा बुडी मार.

नामानाला राग आला. संदेष्टा बाहेर येईल, देवाचे नाव घेईल, हात फिरवील, असे त्याच्या मनात होते. शिवाय दिमिष्काच्या नद्या काय वाईट होत्या? तो पाठ फिरवून निघाला.

येथे क्षणभर थांबून विचार करा. त्या घटकेला नामानापाशी काय कमी होते? रोगाचे निदान झालेले होते. औषध सांगून झालेले होते. औषधाला पैसा पडत नव्हता. अलीशाने पुढे त्याची भेटही नाकारली. नदीही तेथेच, त्याच देशात होती. सर्व काही मिळालेले होते. तो तसाच दिमिष्काला परतला असता, तर औषधाचे नाव त्याला जन्मभर पाठ राहिले असते आणि कुष्ठही जन्मभर राहिले असते. त्याच्या चाकरांनी त्याला प्रेमाने समजावले, तेव्हा तो खाली उतरला. एक बुडी नव्हे, तीन नव्हे, सात. सहाव्या बुडीनंतर त्याच्या अंगावर काही फरक दिसला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. सातवी झाली तेव्हा त्याचे अंग लहान मुलाच्या अंगासारखे झाले, इतके मात्र सांगते.

नामानाच्या त्या रोगावर आज औषध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगावर एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली, आणि ज्या रोगाने माणसे घराबाहेर काढली जात तो पूर्ण बरा होऊ लागला. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने औषध घ्यावे लागते. २८ दिवसांची एकेक पट्टी असते. पहिल्या दिवसाची मात्रा आरोग्यसेवकासमोर गिळावयाची. उरलेले २७ दिवस रोग्याने घरी, कोणी पाहत नसताना, आपल्या हाताने घ्यावयाचे.

यात आपल्या ख्रिस्ती जीवनाचे चित्र नाही काय? रविवारची मात्रा आपण पाळकासमोर घेतो. तेथे सर्वजण उभे राहतात तेव्हा आपण उभे राहतो, सर्वजण गातात तेव्हा गातो. पण सोमवार ते शनिवार? दुकानात माप घालताना, कचेरीत सही करताना, सुनेशी बोलताना, शेजाऱ्याची बांधावरची कुरापत सोसताना त्या वचनाची गोळी कोण घेतो? तेथे पाहावयास पाळक नसतो. रोग मात्र त्या सहा दिवसांतही अंगात असतोच.

याकोबाने हेच आरशाचे उदाहरण देऊन सांगितले आहे. वचन नुसते ऐकणारा आरशात तोंड पाहून निघून जातो आणि आपण कसे होतो ते विसरतो. असा माणूस दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःलाच फसवतो. माझ्या बाबांनी डॉक्टरांना फसवले नाही, खिडकीमागच्या माणसालाही फसवले नाही. त्यांच्या सह्या सगळ्या खऱ्या होत्या. औषध मिळाल्याचीच ती सही होती. पोटात गेल्याची सही कोणत्याही वहीत नसते.

डॉक्टर औषध लिहिताना कागदाच्या डोक्यावर एक खूण करतात. इंग्रजी 'आर' अक्षराच्या पायावर तिरपी रेघ मारलेली असते. ती कशाची खूण, हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. ती 'रेसिपे' या लॅटिन शब्दाची आहे आणि त्याचा अर्थ 'घे' असा होतो. म्हणजे औषधाच्या नावाआधी आज्ञा येते. आण किंवा जपून ठेव, अशी ती आज्ञा नाही. घे, अशी आहे. आपल्या प्रभूनेही मरणाच्या आदल्या रात्री भाकर मोडून शिष्यांच्या हाती दिली, तेव्हा ती घेऊन खाण्यास सांगितले. तो महान वैद्य आपल्याकरिता कोणते औषध देतो? स्वतःलाच देतो. त्याची किंमत त्याने वधस्तंभावर चुकती केली आहे. त्याच्या खिडकीवर 'उपलब्ध नाही' असे कोणाच्याही नावापुढे लिहिले जात नाही. मग कपाटातल्या पवित्र शास्त्राला आपण ट्रंकेतल्या पट्टीसारखे 'पुढे लागेल' म्हणून का ठेवावे?

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, ही तर कृतीने तारण मिळवण्याची शिकवण झाली. नाही. गोळी गिळणाऱ्याने औषध तयार केले नाही, त्याचे दाम दिले नाही, आणि बरे करण्याची शक्तीही त्याच्या गिळण्यात नाही. शक्ती औषधात आहे. यार्देनेच्या काठावर नामानाने बढाई मारावी असे काही केले नव्हते. तो फक्त खाली उतरला. विश्वास म्हणजे हेच खाली उतरणे.

आता काही थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. पहिली गोष्ट शरीराची, कारण शरीरही देवाचे मंदिर आहे. आपल्या घरातील वृद्धांची औषधे आली की डबा उघडून पाहा. गोळ्या मोजा. बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये, अर्धी करू नये, आणि आपली गोळी शेजाऱ्याला 'तुलाही लागू पडेल' म्हणून देऊ नये. मुदत संपलेल्या पट्ट्या ठेवू नयेत. आणि हे सर्व दरडावून नव्हे, जवळ बसून, पाण्याचा पेला हाती देऊन करावे.

दुसरी गोष्ट रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना. आपण मुलांना दर आठवड्याला एक वचन पाठ करून देतो आणि पुढच्या रविवारी विचारतो, "पाठ झालं का?" विचारावेच. पण त्याबरोबर हेही विचारा, "बाळ, या आठवड्यात ते वचन कुठं उपयोगी पडलं?" एखादा मुलगा सांगेल, मी भावाला मारणार होतो, पण मारले नाही. त्या दिवशी तुमच्या वर्गात औषध पोटात गेले असे समजा.

तिसरी गोष्ट मला स्वतःला आणि माझ्या पाळकबंधूंना. आपल्या हजेरीच्या वह्या भरलेल्या आहेत. उपासनेला किती आले, प्रभुभोजनाला किती होते, हे आपण लिहितो. नामानाच्या चाकरांप्रमाणे परत फिरणाऱ्या माणसाच्या रथाशेजारी उभे राहून, "बाबा, एवढं सोपं सांगितलंय, करून तर पाहा," असे प्रेमाने सांगणे मात्र आपल्या हातून राहून जाते. माझ्या हातून ते माझ्याच घरात राहून गेले.

बाबा आज आहेत. उजव्या हाताने त्यांना पेला धरता येत नाही. सकाळच्या प्रार्थनेनंतर मी गोळी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवतो, पाणी देतो आणि थांबतो. ती घशाखाली उतरली की ते तोंड उघडून मला दाखवतात, लहान मुलासारखे, आणि हसतात. मग ते आपल्या अडखळत्या जिभेने मला विचारतात, "तुझं झालं का?" त्यांचा रोख माझ्या शास्त्रवाचनाकडे असतो. कधी मी हो म्हणतो. कधी मला पुन्हा बसून पुस्तक उघडावे लागते.

प्रिय वाचकहो, हाच प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवतो. औषध आपण आणले आहे. घेतले का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या आत्म्याच्या वैद्या, तू फुकट दिलेले औषध आम्ही साठवून ठेवले, याची आम्हांस क्षमा कर. आम्हांला खाली उतरण्याची नम्रता दे, आणि सातव्या बुडीपर्यंत टिकण्याचा धीर दे. आमच्या घरातील वृद्धांना व रोग्यांना, छावणीतील व सीमेवरील जवानांना, आणि इस्पितळांतील डॉक्टर, परिचारिका व खिडकीमागे औषध देणारे हात यांना तुझ्या कृपेत राख. आमेन.