अतिसूक्ष्माचे प्रमाण

विज्ञान डोळ्यांना दिसते तेवढेच मानते, हा समज श्रद्धाळू आणि अश्रद्ध अशा दोघांनाही सोयीचा असल्याने रूढ झाला आहे. पण हवेतील अत्यल्प वायूंच्या मापनाचे शास्त्र बारकाईने पाहिले तर त्याला काहीच आधार उरत नाही. कोरड्या हवेचा 99.9 टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन यांनी व्यापलेला असतो, आणि उरलेल्या फटीत कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड असे वायू असतात. त्यांतील कार्बन डायऑक्साइड दहा लाख रेणूंमागे सुमारे 420, तर मिथेन जेमतेम दोन इतकाच भरतो. रंग, गंध, स्पर्श यांपैकी कशानेही न कळणाऱ्या या वायूंविषयीचे ज्ञान कोणत्या जातीचे, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच दर्शनशास्त्राचाही आहे.

पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था 2009 पासून सिंहगडावर हवेचे नमुने काचेच्या कुप्यांत गोळा करत आली आहे. गड हवेली तालुक्यात असला तरी त्याच्या नैऋत्येला तोरणा आणि राजगड यांचा वेल्हे तालुका, ज्याचे आता राजगड असे नामांतर झाले आहे, आणि त्याच्या दक्षिणेला भोर तालुका पसरलेला आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा कोकण ओलांडून याच डोंगरांवरून गडाकडे जातो, तर हिवाळ्यात तो उलट बाजूने, म्हणजे देशाच्या अंतर्भागातून येतो. या पट्ट्यात पावसाआधी राब भाजला जातो. पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या आणि शेण रोपांच्या वाफ्यावर पसरून पेटवण्याची ही जुनी रीत आहे. पुढे लावणी झालेल्या भातखाचरांत पाणी साचून राहिले, की ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव चिखलात मिथेन तयार करतात. कुपीत शिरलेल्या हवेत समुद्र, राब, खाचरे आणि शहरातील वाहने यांचा वाटा एकजीव झालेला असतो.

असलेली वस्तू का दिसत नाही, याची आठ कारणे सांख्य दर्शनातील ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सांगितली आहेत: अति दूरत्व, अति जवळीक, इंद्रियाची हानी, मनाची अस्थिरता, सूक्ष्मता, आडोसा, प्रबळाने झाकोळणे आणि समान वस्तूंत मिसळणे. तिच्यावरील भाष्यात गौडपादाने सूक्ष्मतेच्या उदाहरणांत आकाशातील धूर आणि बाष्प यांचे कण घेतले आहेत, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ही यादी मापनकर्त्याच्या अडचणींशी जवळपास तंतोतंत जुळते. नमुना घेणाऱ्याचा स्वतःचा उच्छ्वास, ज्यात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट असतो, ही अति जवळीक. शेजारच्या चुलीचा धूर दूरवरून आलेल्या हवेची ओळख पुसतो, ते झाकोळणे. आणि बिघडलेला संवेदक म्हणजे इंद्रियहानी. यंत्रे मात्र या यादीतील केवळ सूक्ष्मतेवर मात करतात, बाकीची कारणे यंत्र घेतल्यावरही तशीच राहतात, आणि लोकप्रिय विज्ञानलेखनात नेमके हेच राहून जाते.

वायुवर्णलेखन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत हवा एका लांब, बारीक नळीतून वाहवतात. निरनिराळे वायू तिच्यातून निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि हायड्रोजनच्या ज्योतीत जळताना निर्माण होणारा विजेचा क्षीण प्रवाह मोजला जातो. पण कार्बन डायऑक्साइड जळत नाही. म्हणून निकेल उत्प्रेरकावर, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवणाऱ्या धातूवर, हायड्रोजनच्या साहाय्याने त्याचे आधी मिथेन करावे लागते. ज्याचे मोजमाप करायचे तो वायू मापनाच्या क्षणी स्वतःच्या रूपात उरलेलाच नसतो! हाती येतो तो कागदावरचा एक उंचवटा. त्यावरून काढलेली संख्या हे न्यायशास्त्राच्या भाषेत शुद्ध अनुमान होय, म्हणजे खुणेवरून खूण असणाऱ्यापर्यंत जाणे.

येथून पुढे मात्र एक घाईची उडी नेहमी मारली जाते: विज्ञानही अदृश्य मानते, तेव्हा शास्त्रांतील अदृश्य तत्त्वेही सिद्ध झाली. सांख्यांनी प्रकृती, म्हणजे जगाचे अव्यक्त मूलकारण, सूक्ष्मतेमुळे दिसत नाही आणि तिच्या कार्यांवरून कळते असे म्हटले. युक्तिवादाचा सांगाडा सारखाच आहे, पण त्याची कसोटी सारखी नाही. न दिसणे हा नसण्याचा पुरावा नव्हे एवढेच त्या आठ कारणांनी ठरते, असण्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. प्रयोगशाळेत नमुन्याच्या आधी आणि नंतर ज्ञात प्रमाणाचा, सिलिंडरमध्ये साठवलेला प्रमाणवायू यंत्रातून सोडतात, आणि जागतिक हवामान संघटनेच्या अपेक्षेनुसार उत्तर गोलार्धातील प्रयोगशाळांची कार्बन डायऑक्साइडची उत्तरे दहा लाखांत 0.1 इतक्या फरकापर्यंत जुळावी लागतात. प्रकृतीचे असे सिलिंडर कोणाकडे नाही. अनुमानाच्या प्रसिद्ध उदाहरणातील धूर आणि अग्नी यांचे नाते सर्व काळी, सर्व ठिकाणी खरे कशावरून, हा केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप तर्काने पुरता खोडला जाणे कठीण. रसायनज्ञ तो खोडत नाही, खूण आणि वस्तू यांचे नाते वारंवार नव्याने तपासतो आणि ते किती मर्यादेपर्यंत खरे, हे आकड्यासोबत लिहितो.

सर्वांत चिवट अडचण उरते ती आठव्या कारणाची. मेघातून तळ्यात पडलेला थेंब पुन्हा वेगळा काढता येत नाही, हे सांख्यकारिकेचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांचे उदाहरण वातावरणाला अधिकच लागू पडते. कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन सुमारे 5730 वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात आणि खनिज तेलात तो उरत नाही, राबाच्या ओल्या-सुक्या फांद्यांत मात्र असतो. या फरकावरून खनिज इंधनाचा वाटा वेगळा काढता येतो. तरीही हा धूर वेल्ह्याच्या राबाचा की दुसऱ्या खोऱ्यातल्या वणव्याचा, हे कार्बन सांगत नाही. त्यासाठी वाऱ्याचा मार्ग गणिताने मागे शोधावा लागतो, म्हणजे एका अनुमानावर दुसरे रचावे लागते. हवेच्या बिघाडाचा दोष खाचरात राबणाऱ्याच्या पदरी घालू पाहणाऱ्याला ही साखळी दुवा न वगळता दाखवता आली पाहिजे.