संध्याकाळचा भाव

कार्तिकात निर्मळची जत्रा भरते त्या सुमारास वसई-आगाशीच्या बाजारांत कंदांचे दिवस सुरू होतात. कोनफळ, सुरण, अळकुड्या, रताळी, करांदे अशा पावसाळाभर मुकाट्याने पोसलेल्या धनाच्या राशी दिसू लागतात. (करांदा जमिनीखाली नव्हे, वेलीवर लटकतो, तरी आम्ही त्याला कंदांच्याच पंगतीला बसवतो.)

प्रत्येकाचा स्वभाव निराळा. सुरण व अळकुड्या घशाला खाजवतात, म्हणून त्यांना चिंच किंवा आमसूल हवेच. कोनफळ बिचारे निमूट शिजते. कडू करांद्याचे मात्र फार सोस. तो राख घालून उकडावा, त्याचे काप करावेत, ते रात्रभर पाण्यात ठेवावेत, पाणी बदलावे, तेव्हा कुठे तो तोंडात घालण्याजोगा होतो. आदिवासी भगिनी असे शिजवलेले करांदे घेऊन बाजारात बसतात, तेव्हा त्यांच्या टोपलीत सरपण, पाणी आणि एका रात्रीचे कष्टही असतात. आपण मात्र वाटा उचलतो आणि विचारतो, ''काय गं, जरा कमी नाही करणार?''

घासाघीस करणे पाप आहे काय? सरसकट तसे म्हणणे आम्हांस पटत नाही. विकणारी दोन रुपये चढवून सांगते, घेणारी दोन उतरवून मागते, आणि त्या निमित्ताने एकमेकींच्या घरची विचारपूसही होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात खरेदी-विक्रीच्या नीतीचा ऊहापोह केला आहे. न्याय्य किंमत गणितासारखी काटेकोर नसते, ती अंदाजाचीच असते आणि थोड्या कमी-अधिकाने न्याय ढळत नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने किंमत वाढवणे त्यांना मान्य नव्हते. मग विकणारीची अडचण पाहून किंमत पाडणे तरी कसे क्षम्य ठरावे?

येथे सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक पडतो. कच्चे कोनफळ आठवडेच्या आठवडे टिकते. तेव्हा ते विकणारी ''नको तर राहू दे'' म्हणू शकते. अर्थात भरलेली पाटी डोक्यावरून परत न्यायची म्हणजे मान मोडते, हेही खरे. पण उकडलेला करांदा दुसऱ्या दिवशी आंबतो. दिवस मावळला, घर दूर आहे, गाडी गाठायची आहे; अशा वेळी ती अर्ध्या भावाला ''घ्या'' म्हणते, त्याला संमती म्हणावे काय? पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगारांविषयी हेच सांगितले होते: नाइलाजाने पत्करलेला करार हा जबरदस्तीचाच एक प्रकार होय. करांदे विकणारी कुणाची कामगार नाही, पण तिचा नाइलाज त्याच जातीचा आहे.

यावर एक आक्षेप आम्हांला खोडता आलेला नाही. संध्याकाळी बाजारात येणारी गृहिणीही पुष्कळदा कामावरूनच परतत असते. महिनाअखेर तिचीही पर्स हलकीच असते, घरी चार तोंडे वाट पाहत असतात. तिच्या काटकसरीला अन्याय म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. दोन गरजा समोरासमोर उकिडव्या बसल्या असताना अक्वायनस यांचे ते 'थोडे कमी-अधिक' नेमके किती, हे त्या दोघींनीच ठरवावे.

परंतु आपल्यापैकी अनेकांना सकाळच्या मिस्सेनंतरही बाजार गाठता येतो. त्यांना मुद्दाम संध्याकाळची वाट पाहण्यास कारण एकच उरते, आणि ते टोपलीमागे बसलेल्या बाईलाही ठाऊक असते.