रक्त थांबविणारा हात

स्तनातील गाठीची परीक्षा करावयाची तर सुईने तिचा बारीकसा तुकडा काढावा लागतो. वरून दिसणारी जखम तिळाएवढी. परंतु आत तुटलेल्या सूक्ष्म वाहिन्यांतील रक्त गोठण्यास अवधी हवा, म्हणून डॉक्टर किंवा परिचारिका त्या जागी सुमारे 10 मिनिटे हाताने दाब धरतात. तुकडा मोठा असला, अथवा रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असली, तर याहूनही अधिक. हाताचे हे काम आवळपट्ट्याने, किंवा सुईच्या वाटेत ठेवलेल्या रक्तरोधक द्रव्याने साधावे, असा यंत्ररचनाकारांचा प्रयत्न आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा जखमेसाठी एवढी बुद्धी कशाला वेचावी? रक्त बहुधा थांबतेच; मागे राहतो तो काळानिळा डाग. आपल्याकडे कित्येक स्त्रिया गाठ पुष्कळ वाढल्यावर डॉक्टरांकडे येतात. अशा देशात ही चैन नव्हे काय?

आक्षेप वजनदार आहे. परंतु तो दुःख जखमेच्या लांबीने मोजतो. सुश्रुताने रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले, व पहिले तिन्ही फसल्यावरच डाग द्यावा असा क्रम लावला. रक्त थांबले एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. रुग्णास त्याचे मोल काय पडते, हेही त्याने पाहिले.

हे मोल आपणही रुग्णाच्या बाजूने मोजून पाहावे. पुण्यास तपासणी करून एक बाई आगगाडीने भीमाकाठच्या दौंडास परतते, दुसरी एस.टी.ने घोडनदीकाठच्या शिरूरास. वाटेत धक्क्यांनी पट्टा सरकला, तर तेथे दाब द्यावयास हात कोणाचा? रात्री चोळीवर रक्त दिसले, तर घरात सांगावयाचे कोणास? अशी भ्यालेली बाई शेजारणीस जे सांगेल, त्यावरून ती शेजारीण आपली गाठ दाखवील की लपवील, हे ठरेल. लहान जखमेचे भय असे मोठ्या रोगाला साहाय्य करते. म्हणून ही चैन नव्हे.

मात्र साधनाची खरी कसोटी रुग्णालयाच्या मेजावर नसून घरच्या वाटेवर आहे. ते तिला एकटीला बांधता-सोडता यावे, लुगड्याखाली टोचू नये, आणि त्याच्या किमतीपायी तपासणीच टळू नये. डॉक्टरांची 10 मिनिटे वाचली, हा लाभ खरा. पण तो दुसरा. पहिला लाभ हा की, धीर देणारा तो हात दौंड-शिरूरच्या घरापर्यंत तिच्यासोबत जावा.