वाचून दाखविले, समजावून सांगितले

निरक्षर माणसाने, किंवा दस्ताची भाषा न जाणणाऱ्या माणसाने, कागदावर अंगठा उमटविला की त्याखाली एक ओळ येते. मजकूर वाचून दाखविला, त्यास समजेल अशा भाषेत समजावून सांगितला आणि तो त्याने मान्य केला, अशा अर्थाची ती ओळ असते. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या कचेऱ्यांत ती बहुधा कन्नडमध्ये असते, कधी इंग्रजीत. ज्याच्याविषयी ती लिहिलेली असते तो मात्र पुष्कळदा मराठी बोलणारा असतो. या ओळीखाली वकिलाची सही लागते. आमच्या तीसहून अधिक वर्षांच्या वकिलीत अशा किती सह्या आम्ही केल्या याची मोजदाद नाही. त्यांपैकी एका सहीमुळे हा लेख लिहावा लागत आहे. परंतु तिच्याकडे येण्यापूर्वी कायद्याच्या परीक्षेविषयी बोलले पाहिजे; कारण त्या सहीचे मूळ, आमच्या मते, उत्तरपत्रिकेत आहे.

आमच्या सीमाभागातला विद्यार्थी कायद्यापर्यंत कसा पोहोचतो ते बाहेरच्या वाचकांस ठाऊक असण्याचे कारण नाही. औराद किंवा भालकी तालुक्यातल्या खेड्यात तो मराठी शाळेत अक्षरे गिरवितो. पुढे कन्नड येते, तिच्यावाचून चालत नाही, आणि चालू नये हेही खरे. बाजारात दखनी उर्दू कानावर पडत असतेच. आमच्या वेळी कायद्याची परीक्षा गुलबर्गा विद्यापीठाची होती; २००९ साली हुबळीला कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ स्थापन झाले आणि महाविद्यालये त्याच्याकडे गेली. उत्तरे पूर्णपणे इंग्रजीत किंवा पूर्णपणे कन्नडमध्ये लिहावीत, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवर असते. मराठी मुलगा बहुधा इंग्रजी निवडतो. कन्नड त्याला बोलता येते, पण तिच्यातला कायदा वाचता येत नाही. इंग्रजीतला कायदा वाचता येतो, पण ती बोलता येत नाही.

मग परीक्षेला पंधरा दिवस उरले की पाठांतर सुरू होते. कलबुर्गीत भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुले पहाटे गच्चीवर फेऱ्या घालीत १८७२ च्या करार अधिनियमातील 'प्रतिफला'ची व्याख्या इंग्रजीत म्हणत असतात, स्वल्पविरामासकट म्हणतात. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी १९२८ साली एका बाईच्या पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाली आणि १९३२ साली त्यावर हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, हे त्यांना तोंडपाठ असते. वडिलांच्या शेतावर आजोबांच्या काळी कूळ होते का, आणि असल्यास त्याचे काय झाले, हे विचारले तर ती गप्प होतात. आम्हीही गप्पच झालो असतो.

यात वाईट काय, असे कोणी विचारील, आणि प्रश्न योग्य आहे. पाठांतराला नाक मुरडण्याची जी फॅशन पडली आहे ती आम्हांस मान्य नाही. ज्या समाजात अभंग न वाचता येणाऱ्यांनी शतकानुशतके अभंग जपले, त्या समाजाने तरी पाठांतराला कमी लेखू नये. पाठ केलेली गोष्ट मनात बियासारखी पडून राहते आणि कधी तरी उगवते. शिवाय परक्या भाषेतला कायदा शिकणे हे या भागाला नवे नाही. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात न्यायालयांतून फारसी गेली आणि उर्दू आली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने तर पुढे कायदाही उर्दूतून शिकविला. केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) हे मराठी गृहस्थ त्याच राज्यात वकील झाले, गुलबर्ग्यात त्यांनी वकिली सुरू केली, नंतर हैदराबादला जाऊन उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. गुलबर्ग्यात १९०७ साली नूतन विद्यालय उभे राहिले, त्यातही त्यांचा वाटा होता. तेव्हा भाषा परकी होती म्हणून कायदा कळला नाही, ही सबब आम्हांला घेता येणार नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतली कन्नड मुले सीमेपलीकडे याच अडचणीतून, उलट दिशेने, जात असतात.

तरीही पाठ केलेले उत्तर आणि समजलेले उत्तर यांत काही नैतिक भेद आहे की नाही, हा आमचा प्रश्न आहे. परीक्षकाला तो दिसत नाही. दोन्ही उत्तरांना सारखेच गुण मिळतात, किंबहुना पाठ केलेल्याला दोन अधिक.

हिंदू कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे येणारा एक प्रश्न आहे: मिताक्षरा आणि दायभाग या पंथांतील भेद स्पष्ट करा. आम्हीही तो लिहिला. मिताक्षरेत पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क असतो. दायभागात पित्याच्या मृत्यूनंतर मिळतो. पहिला पंथ बंगालबाहेर, दुसरा बंगालात. गुण चांगले पडले. पुढे कित्येक वर्षांनी एका निवांत सुट्टीत आमच्या लक्षात आले, की ही मिताक्षरा बसवकल्याणची आहे! चालुक्य सहाव्या विक्रमादित्याची (१०७६–११२६) राजधानी कल्याण, तिथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातले मर्तूर हे त्याचे गाव मानले जाते. म्हणजे आमच्याच मातीत लिहिलेला ग्रंथ. कोलब्रुकने १८१० साली त्यातल्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले, त्यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिले, ते निकाल मुल्लांच्या १९१२ सालच्या पुस्तकात आले, पुस्तकातून गाइडात आले आणि गाइडातून कल्याणच्याच पोराच्या तोंडी इंग्रजीत परत आले. इतक्या लांबच्या प्रवासात ग्रंथाचा पत्ता हरवला, त्याला कोण काय करणार?

पण हरवले ते केवळ पत्त्यापुरते नाही. मिताक्षरा म्हणजे मोजकी अक्षरे. विज्ञानेश्वर नवीन स्मृती लिहीत नव्हता. दुसऱ्याचे वचन घेऊन त्याचा अर्थ काय, हे थोडक्या शब्दांत उलगडून सांगत होता. 'सपिंड' म्हणजे श्राद्धाचा पिंड देणारा असे न म्हणता, एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आहेत ते, असा अर्थ त्याने लावला. 'स्त्रीधन' या शब्दाला त्याने इतका पैस दिला, की वारसाने आलेली किंवा खरेदी केलेली मिळकतही त्यात आली. पुढच्या न्यायाधीशांनी तो पुन्हा आखडला. त्याच्या काळाच्या मर्यादा त्याला होत्याच, मुलीला त्याने मुलासारखा जन्मतः हक्क दिला नाही. परंतु टीकाकार म्हणजे वचन स्वतः समजून घेऊन दुसऱ्याला समजेल असे सांगणारा. वकिलाचेही काम तेच आहे.

आता ती सही. २००७ सालची गोष्ट. वर्षापूर्वी एका खेड्यातले वृद्ध शेतकरी वारले होते. मागे मुलगा आणि लग्न होऊन गेलेली मुलगी. मुलगा आमच्याकडे आला: बहिणीचे हक्कसोडपत्र करायचे होते. २००५ च्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबरपासून, मुलगीही जन्मतः सहदायाद झाली होती. कर्नाटकाने १९९४ पासून मुलींना असा हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. मध्यवर्ती दुरुस्तीने ते वगळणे संपले. हे सारे आम्हांला ठाऊक होते. तालुक्याच्या वकील संघात त्यावर आम्ही भाषणही केले होते, इंग्रजीत, आणि त्याची स्तुतीही झाली होती.

दस्त कन्नडमध्ये होता. बाईंनी विचारले, "सायेब, ह्यात काय लिव्हलंय?" आम्ही म्हणालो, "दादाच्या नावावर पहाणी करायची आहे ना मावशी, त्याचा कागद आहे." "मग बरं हाय," म्हणून त्यांनी अंगठा उमटविला. समजावून सांगितल्याच्या ओळीखाली आम्ही सही केली. दुपारच्या कामाची घाई होती, हेही खरे.

सहा वर्षांनी त्या परत आल्या. नवरा गेला होता, माहेरी आल्या होत्या, भावाने कागद दाखविला होता. भांडायला आल्या नव्हत्या. समोरच्या बाकावर बसून त्यांनी एवढेच विचारले: "त्या दिशी मी काय देऊन बसले?" तेव्हा आम्ही त्यांना सांगितले. जन्मतः हक्क म्हणजे काय, सोडणे म्हणजे काय, सोडल्यावर काय उरते. मराठीत. पाच मिनिटे लागली.

त्या पाच मिनिटांनी आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तो अजून मिटलेला नाही. २००७ साली आम्ही त्यांना फसविले काय? व्यवसायाच्या नियमांप्रमाणे त्या आमच्या पक्षकार नव्हत्या, भाऊ होता. परीक्षेत हा प्रश्न समस्या म्हणून आला असता तर असे उत्तर लिहून आम्ही गुण घेतले असते. पण सही भावाची नव्हती, आमची होती, आणि तीत जे म्हटले होते ते घडले नव्हते. दुसऱ्या बाजूने, आम्ही जाणूनबुजून लपविले असेही मनापासून म्हणता येत नाही. बाईंनी विचारले त्या क्षणी 'सहदायाद' या शब्दासाठी आमच्यापाशी एकही मराठी वाक्य नव्हते. इंग्रजीत एक परिच्छेद होता. तो त्यांना म्हणून दाखविण्यात अर्थ नव्हता, म्हणून सोपे काही तरी बोललो. आणि जे सोपे सुचले ते नेमके भावाच्या सोयीचे होते. अज्ञान आणि भित्रेपणा यांचा वाटा किती किती, याचा हिशेब आम्ही अनेकदा मांडला. दर वेळी आकडा वेगळा येतो.

यावरून आम्हांला असे वाटू लागले आहे, की उत्तरपत्रिका हाही समजावून सांगितल्याचा एक दाखलाच असतो. विद्यार्थी लिहितो ते परीक्षकासाठी, परंतु त्यावर विश्वास ठेवणार असतो तिसराच कोणी, जो त्या सभागृहात नसतो आणि ज्याला ती भाषा येत नाही. पाठ केलेले लिहिणे ही लबाडी नव्हे. पाठ केलेल्याला समज मानून तिथेच थांबणे, हे मात्र लबाडीच्या इतके जवळ आहे की पुढे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. विद्यार्थ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तीन भाषांचे ओझे वाहणाऱ्या मुलाला चौथ्यांदा मराठीतही विचार कर म्हणून सांगणे निष्ठुरपणाचे आहे, हे आम्ही जाणतो. पण पक्षकार नेमका तेच विचारतो. पुरावा साक्षीदाराच्या भाषेत नोंदविला नसेल तर तो त्याच्या भाषेत समजावून द्यावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा अठरावा आदेशही सांगतो. न्यायालयावर जे बंधन आहे ते वकिलाला सुटेल कसे?

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८. बाररूममध्ये काही दिवस मोठी तारांबळ होती. ज्यांच्यापाशी नुसते आकडे होते ते हवालदिल झाले. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक ज्यांना कळला होता त्यांना फक्त नवे आकडे शिकावे लागले. सनदेसाठी बार कौन्सिल जी अखिल भारतीय परीक्षा घेते ती २०११ पासून आहे, तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि कायद्याचे कोरे पुस्तक जवळ ठेवता येते. सोय चांगली आहे. परंतु पर्यायापुढचे वर्तुळ काळे करताना कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या कचेरीत परीक्षेची तयारी करणारी एक-दोन मुले संध्याकाळी येऊन बसतात. त्यांना आम्ही हल्ली एकच काम देतो: आज पाठ केलेले उद्या आईला सांगून यायचे. गेल्या हिवाळ्यात औराद तालुक्यातली एक मुलगी सहदायादाविषयी सांगून आली. आईला काय सांगितलेस, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "म्या सांगितलं, जन्माला आलं की हिस्सा आलाच. कुणी देऊ लागत नाही. द्यायचाच असंल तर आपण द्यायचा, पण काय देतोय ते बघून."

मग तिने विचारले, पेपरात असे लिहिले तर गुण पडतील का. पडणार नाहीत, असे आम्ही सांगितले. तिने वही उघडली आणि इंग्रजी व्याख्या पुन्हा म्हणायला घेतली.