वस्तू वापरून झाल्यावर

पुण्या-पिंपरीतून जर्मनीला गेलेल्या कुटुंबाची तिथल्या हिरव्या राहणीशी पहिली गाठ पडते ती इमारतीमागच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी. भाडेकराराच्या कागदांसोबत एक तक्ता हाती येतो: कोणत्या वारी कोणता डबा रस्त्यावर काढायचा. निळ्यात कागद, तपकिरीत ओला कचरा, पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत वेष्टने, काळ्या वा करड्यात उरलेसुरले. रंगांची ही वाटणी गावागणिक थोडी बदलते; कटकट बदलत नाही. काच बहुतेक ठिकाणी न्यायला कोणी येत नाही. ती कोपऱ्यावरच्या टाक्यांत पांढरी, हिरवी, तपकिरी अशी रंगवार टाकायची. तीही रविवारी नाही आणि रात्रीही नाही, कारण शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. २०१२ मध्ये जर्मनीने ब्लू कार्डाची योजना सुरू केल्यापासून संगणक आणि वाहन उद्योगातली बरीच मराठी कुटुंबे स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टच्या परिसरात स्थिरावली आहेत, आणि त्यांच्या पहिल्या वर्षाच्या आठवणींत या तक्त्याचे स्थान व्हिसाच्या रांगेइतकेच पक्के असते.

या अनुभवावर मराठी मंडळांच्या स्मरणिकांत आणि दिवाळी अंकांत जे लिहिले जाते, त्यात दोन स्पष्टीकरणे आलटून पालटून येतात. पहिले असे, की ते लोक मुळातच शिस्तीचे. दुसरे असे, की त्यांनी आत्ता शिकलेले आपल्या आजीला आधीच ठाऊक होते.

पहिल्या स्पष्टीकरणाला दोन तारखा पुरतात. १९९१ मध्ये जर्मन सरकारने वेष्टनांचा नियम केला आणि वस्तू विकणाऱ्यावरच तिच्या वेष्टनाची जबाबदारी टाकली, त्यामागे कचरा पुरायला उरत चाललेली अपुरी जागा होती. २००३ मध्ये एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डबे यांवर २५ सेंटची अनामत आली, कारण नुसत्या आवाहनाने परत भरून वापरायच्या बाटल्यांचा वापर टिकत नव्हता. जी गोष्ट स्वभावात असते तिच्यासाठी अनामत ठेवावी लागत नाही. बऱ्याच गावांत काळा डबा जितका मोठा तितके शुल्क जास्त, आणि तपकिरी डब्यात प्लास्टिक सापडले तर तो न उचलता त्यावर चिठ्ठी लावून गाडी पुढे जाते. त्या चिठ्ठीकडे मग पंधरा दिवस सगळी इमारत बघते. मनुष्यस्वभाव इथून तिथून सारखाच आहे. फरक हिशोब कोणाच्या दारात येतो यात आहे.

दुसरे स्पष्टीकरण जास्त आवडते आणि म्हणूनच जास्त दिशाभूल करते. त्यातली वस्तुस्थिती खोटी नाही. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला जाई, जुन्या धोतराची फडकी होत, विटलेल्या साड्यांची गोधडी शिवली जाई, शिळ्या पोळीला फोडणी बसे. वाण्याच्या पुड्यांची सुतळी गुंडाळून ठेवली जाई. बाळाला आधी कोणाचे तरी वापरलेले झबले घालत, नवे नंतर. रद्दी वजनावर जाई आणि उरलेले कपडे बोहारणीच्या टोपलीत, त्याबदली एखादे पातेले घासाघीस करून घरात येई. त्या घरांतून बाहेर पडणारा कचरा आजच्या मानाने नगण्य होता, हे मान्यच करावे लागते.

परंतु या यादीकडे नीट पाहिले तर तिच्यातली प्रत्येक गोष्ट वस्तू वापरण्याआधीची किंवा वापरतानाची आहे. वस्तू महाग होती, मजुरी स्वस्त होती, म्हणून वस्तू पुरवून वापरली गेली. ही काटकसर होती, आणि काटकसर हा गुण आहेच. पण वस्तू खरोखर संपली, तिच्यातून आणखी काही निघेनासे झाले, की ती उंबरठ्याबाहेर पडे आणि घराचा तिच्याशी संबंध संपे. पुढचे काम कोणाचे, हे जातीने ठरवून ठेवले होते. शेतकऱ्याच्या घराचा अपवाद करायला हवा. तिथे उकिरडा हे खत होते आणि ते त्याच घराच्या शेतात जाई. शहरातल्या वाड्याला मात्र असा हिशोब नव्हता. टोपलीचे संडास साफ करणारा माणूस मागच्या बोळाने येई आणि मागच्या बोळानेच जाई. घर चकचकीत आणि बोळ सडलेला, हे दोन्ही एकाच संस्कृतीचे, एकाच आजीच्या काळातले.

आजीचे समर्थक इथे म्हणतात, की ते जातिव्यवस्थेचे पाप, आजीच्या काटकसरीवर त्याचे खापर कशाला? पण हे दोन वेगळे काढता येत नाहीत. सांडलेले उचलण्याचे काम आपल्या वाट्याला कधीच येणार नाही, ही खात्री त्या घरांच्या स्वच्छतेच्या कल्पनेतच मुरलेली होती. याची साक्ष महाराष्ट्राच्या परिचित इतिहासात आहे. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, सेनापती बापटांनी पारनेरात रस्ते झाडले, अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे म्हणून उपोषण केले. या तिघांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण जे काम केल्याने माणूस पूज्य ठरतो ते काम त्या समाजातली सामान्य घरे करत नव्हती, एवढे तरी त्यातून निघतेच. आणि डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी करणारा कायदा देशाला १९९३ मध्ये करावा लागला, तो पुरला नाही म्हणून पुन्हा २०१३ मध्ये.

त्याच १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुतांशी दलित बायकांची ही संघटना. शहराचा जो कोरडा कचरा ‘आपोआप’ भंगारात जातो असे मध्यमवर्गाला वाटत आले, तो या बायका कचराकुंडीत उतरून हाताने निवडत होत्या. आजीच्या व्यवस्थेचा हा दुसरा अर्धा भाग. स्मरणरंजनात बोहारीण येते, कारण ती पुढच्या दाराने येई. कुंडीतली बाई येत नाही.

स्टुटगार्टला आलेल्या कुटुंबाच्या बाबतीत हा दुसरा अर्धा भाग एकदम घरात येतो. श्वाबेन प्रांतात ‘केअरवोखे’ नावाची जुनी प्रथा आहे. एक छोटी पाटी एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरते. ज्याच्या दारावर ती लटकलेली, त्याने त्या आठवड्यात सामायिक जिना झाडून पुसायचा. मोठ्या पाळीत तळघर, अंगण आणि डबे ठेवायची जागाही येते. पदपथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ हेही भाडेकरूंकडे असू शकते. पिंपरीच्या कारखान्यात हाताखाली तीस माणसे असलेला अभियंता शनिवारी बादली आणि फडके घेऊन तिसऱ्या मजल्यापासून खाली येतो. कठडा पुसायचा, दारापुढची पायपुसणी उचलून खालची धूळ काढायची, वरून खाली यायचे, खालून वर नाही. पुसलेल्या पायरीवर बूट टेकवून शेजारी ‘गुटन मॉर्गन’ म्हणत वर जातो. यात अपमान कोणाला वाटत नाही, कारण पुढच्या आठवड्यात पाटी शेजाऱ्याच्या दारावर असते. अप्पासाहेबांना ज्यासाठी उपोषण करावे लागले ते इथे पाळीने येते आणि कोणी संत होत नाही.

स्वयंपाकघरातही तेच. दह्याच्या डब्याचे झाकण पुरते सोलून वेगळे करायचे, म्हणजे यंत्राला दोन पदार्थ ओळखता येतात. तपकिरी डब्यात बऱ्याच गावांत ‘कुजणारी’ म्हणून विकली जाणारी पिशवीसुद्धा चालत नाही. ओला कचरा वर्तमानपत्राच्या पुडीत बांधावा लागतो, आणि भेटीला आलेल्या आजीला ही पुडी लगेच जमते. पाण्याची बाटली चेपायची नाही, कारण दुकानातल्या यंत्राला तिच्यावरची खूण वाचता आली नाही तर २५ सेंट बुडाले. बालवाडीत जाणारी मुले हे आईबापांआधी शिकतात आणि घरी येऊन पाहुण्यांसमोर चुका काढतात. कुटुंबातल्या अधिकाराची उतरंड इथे थोडी उलटते, ती आईबापांना फारशी खुपत नाही. जास्त खुपण्यासारखे दुसरेच आहे: नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, पुण्यात नोकरी सोडलेली बाई या नव्या कामाची बिनपगारी कारकून होते. चार डबे, तीन टाक्या, दोन याद्या. हिरव्या राहणीच्या कौतुकात या तासांची मोजदाद कुठेच नसते.

इथपर्यंतचे विवेचन जर्मनीच्या बाजूचे वाटेल. पण ज्या फरकाने आजीची बाजू अपुरी ठरते, तोच जर्मनीला लावला की तिथली बाजूही तितकीच अपुरी निघते, फक्त उलट टोकाने. तिथे वस्तू वापरून झाल्यानंतरची जबाबदारी पक्की आहे. वापरण्याआधीचा विचार जवळपास नाही. जर्मनीत दरडोई वर्षाला २०० किलोहून जास्त वेष्टनांचा कचरा होतो, युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा जास्त. भारतीय शहरात एका माणसाचा सगळ्या प्रकारचा मिळून रोजचा कचरा साधारण अर्धा किलो धरला जातो. म्हणजे तिथल्या माणसाची नुसती खोकी, पिशव्या आणि बाटल्या इथल्या माणसाच्या संपूर्ण कचऱ्यापेक्षा जड. ती निगुतीने चार रंगांत वाटली जातात, हे खरे. आंघोळ रोज करावी, पण तेवढ्याने चिखलात लोळण्याचे समर्थन होत नाही. वापरलेल्या वस्तूचा मार्ग इतका सुरळीत झाला की घेण्याआधी हात आखडण्याचे कारणच उरत नाही.

शिवाय डब्यांमुळे नजर भलतीकडे राहते. जर्मन घरात लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा खोल्या उबदार ठेवण्यात जाते. ती दिसत नाही. वर्षातून एकदा घरमालकाच्या हिशोबपत्रात दिसते, आणि त्या दिवशी अनेक मराठी घरांत पहिल्यांदा खरी पर्यावरणचर्चा होते. फोडणी आणि कुकरच्या वाफेने खिडकीच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, म्हणून कडाक्याच्या थंडीत दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडायच्या आणि तेवढ्यापुरता हीटर बंद करायचा. हे न करता खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंती गार पडतात आणि गॅस जळत राहतो. या एका सवयीचे वजन झाकणे सोलण्याच्या सगळ्या कसरतीपेक्षा जास्त आहे. आणि या साऱ्यावर, दर उन्हाळ्यात चौघांचे मुंबईचे विमान. फ्रँकफर्टहून मुंबईला जाऊन येणे म्हणजे सुमारे तेरा हजार किलोमीटर. माणशी टनभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. भारतीय माणसाचे वर्षाचे सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या घरात आहे, जर्मन माणसाचे सातच्या आसपास. म्हाताऱ्या आईवडिलांना भेटायला जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण तो आकडा पिवळ्या पिशवीने फिटत नाही.

स्थलांतरित कुटुंबापाशी खरे तर दोन्ही अर्धे भाग असतात: वापरण्याआधीचा हात आईकडून आलेला, वापरल्यानंतरची जबाबदारी नव्या गावाने लावलेली. हे दोन्ही एकत्र नांदल्याची उदाहरणे आहेत, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. मुलांचे कपडे चर्चच्या अंगणातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून, सायकल वापरलेली, पाहुण्याच्या डब्यातून आलेल्या काचेच्या बरणीत लोणचे. मग पगार वाढतो, मोठे घर येते, दुसरी गाडी येते, आणि काटकसर आधी जाते. वर्गीकरण राहते, कारण त्याची तपासणी होते. काटकसरीची तपासणी कोणी करत नाही. आजीकडे ती संस्कार म्हणून होती की टंचाई म्हणून, याचे उत्तर इथे मिळते, आणि ते आजीच्या समर्थकांना आवडणारे नाही.

यातली काही कुटुंबे सात-आठ वर्षांनी परततात. बाणेर, वाकडच्या सोसायटीत कामाला बाई लागते, आणि डबा कोण भरते आणि कोण रिकामा करते हे पुन्हा वेगळे होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घराघरात वर्गीकरण बंधनकारक केले. पुण्यात कष्टकरी पंचायतीतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद २००८ पासून पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करतात आणि घरटी शुल्क घेतात. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडताना हात लागणार नाही, एवढी त्यांची साधी मागणी होती. जर्मनीत दह्याचे झाकण सोलणाऱ्या घरात तो ठिपका काढला जातोच असे नाही. तिथे झाकण यंत्रासाठी सोलले जात होते आणि वर्गीकरण चुकल्याचा भुर्दंड घरालाच बसत होता. इथे ठिपका एका बाईच्या हातांसाठी काढायचा असतो, आणि न काढल्याचा त्रास तिलाच होतो.