जुळलं म्हणजे झालं?

जी चूक कोणालाच दिसणार नाही, तिला चूक म्हणावं का? असले प्रश्न खरं म्हणजे तत्त्ववेत्त्यांनी सोडवायचे. आमच्या घरी मात्र तो लोकरीच्या गुंड्यातून निघाला.

भाची शिकायला एडिंबराला गेली, तेव्हापासून सौ. तिच्यासाठी दुरंगी जाळीची शाल विणते आहे. मधे हिरवी पानं, कडेला तांबडी फळं. झाड रोवनचं. हे झाड दाराशी असलं की चेटकिणी फिरकत नाहीत, असा स्कॉटलंडातला जुना समज. त्याच्या चिमुकल्या फळाच्या बुडाशी पाच टोकांची चांदणी असते, ती म्हणे रक्षण करते. पूर्वी तिथले लोक रोवनची डहाळी तांबड्या दोऱ्यानं गाईच्या शेपटीला बांधत. यात हसण्यासारखं काही नाही. वडाला सूत गुंडाळून सात जन्मांचं रिझर्वेशन करणारे आपण, दुसऱ्याच्या दोऱ्याला काय नावं ठेवणार?

जाळीचं विणकाम म्हणजे शुद्ध डबल एन्ट्री. सुईवर दोऱ्याचा वेढा घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. मग दुसरीकडे दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. जमा तितकं नावे. माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला हे एकदम पटलं.

परवा सौ.नं बारा ओळी उसवायला घेतल्या. एका पानातलं भोक एक घर सरकलं होतं.

"टाके किती भरतात?" मी विचारलं.

"१२१. बरोब्बर."

"मग जुळलं की!"

"अहो, जुळलं, पण पान वाकडं झालं ना!"

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की एक चूक जास्तीची आणि दुसरी तेवढीच कमतीची असली, तर ट्रायल बॅलन्स ऐटीत जुळतो. हिला म्हणतात कॉम्पेन्सेटिंग एरर. ही परीक्षेपुरतीच असते असं मी समजत होतो. पण बघा: धाकट्या भावाची वाटणी दाबायची आणि देवळाच्या पायरीवर आईवडिलांच्या नावाची फरशी बसवायची. बायकोशी वर्षभर धड बोलायचं नाही आणि लग्नाच्या वाढदिवसाला पैठणी आणायची. बेरीज चोख, पान वाकडं! बँकेतसुद्धा संध्याकाळी कॅश जुळली की आम्ही सुटतो. खिडकीशी आलेल्या म्हातारीवर दिवसभरात कोण किती खेकसलं, त्याला कॉलमच नाही.

"अगं, पण भाचीला कळणारसुद्धा नाही," मी शेवटचा मुद्दा टाकला.

"म्हणूनच उसवतेय. ती काय तपासून घेणार आहे? अंगावर घेईल आणि कॉलेजात जाईल."

चित्रगुप्त शेवटची बेरीज बघून सही ठोकत असेल, अशी आजवर माझी समजूत होती. आता वाटतं, तो मूळ व्हाउचरं काढून बसत असावा. तसं असेल तर आपल्यातल्या पुष्कळांना बऱ्याच ओळी उसवाव्या लागतील. तेव्हा इथेच सुरुवात केलेली बरी. वर सुया नेऊ देतात की नाही, कोण जाणे!